बायथलॉन: धाप लागलेली असताना नेम

बायथलॉन म्हणजे स्कीची शर्यत आणि मध्ये थांबून रायफलने नेमबाजी. नेम धरताना नाडी शांत होण्याची वाट पाहू नका. स्कीवरून नेमबाजीच्या रेंजवर पोचता तेव्हा ती 170 च्या आसपास असते; उतरेपर्यंत थांबलात तर शर्यत गेली. शेवटच्या शे-दोनशे मीटरवर वेग जरा कमी करा, बास.

झोपून मारताना लक्ष्य 50 मीटरवर, जेमतेम 45 मिलिमीटरचं. इथे खरा त्रास रायफल दंडाला जोडणाऱ्या पट्ट्याचा. दंडाच्या आतल्या बाजूने धमनी जाते; पट्टा तिथे आवळला की दर ठोक्याला साइट (रायफलवरची नेम धरायची खूण) वर-खाली उडते. तो बाहेरच्या बाजूला सरकवा. पहिल्या गोळीआधी दोन-तीन खोल श्वास, पुढे प्रत्येकीआधी एक-दोन. श्वास थोडा सोडून थांबा, पण दोन-तीन सेकंदच. जास्त रोखलात तर नजर धूसर होते.

उभ्याने लक्ष्य 115 मिलिमीटरचं, तरी चुका इथेच जास्त. ठोक्यापेक्षा थकलेल्या मांड्या घात करतात. रायफल किमान साडेतीन किलोची. कोपर बरगडीला किंवा कमरेच्या हाडाला टेकवा, वजन हाडांवर जाऊ द्या. डोलणं थांबत नाहीच. साइट मध्याजवळ येत असतानाच ट्रिगरवर दाब वाढवत न्या, ‘आत्ता!’ म्हणून झटका दिलात की गोळी बाहेर. स्प्रिंट या छोट्या शर्यतीत त्याची किंमत 150 मीटरचा दंडफेरा.

विश्रांतीनंतरचे नेम फसवे असतात. दर आठवड्याला थोडा सराव जोरदार धावून लगेच करा, आधी गोळ्यांविना.