इतिहासात एम.ए., तेही कर्ज काढून?

प्रश्न : ताई, मला इतिहासाच्या दोन वर्षांच्या एम.ए.ला चांगल्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय. फी आणि राहण्याचा खर्च मिळून जवळपास सगळी रक्कम कर्जानेच उभी करावी लागेल. व्याज 10 टक्के, पहिला हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभराने. बाबा म्हणतात, "कर्जच काढायचं तर मॅनेजमेंटसाठी काढ, इतिहासाला कोण विचारतो?" मला दुसरं काही शिकायचं नाही, पण हप्ते झेपतील का याची धास्ती वाटते. काय करू? — एक वाचक

उत्तर : बाबांचं म्हणणं मी अर्धंच मानते. बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. तिथे इंजिनीअरांची खाती थकलेली पाहिली आणि भाषा शिकलेल्यांचे हप्ते तारखेच्या आधी जमा होतानाही पाहिले. सगळं अडायचं ते कर्ज किती आणि पहिला पगार किती, या प्रमाणावर. तेव्हा आधी हिशेब.

कर्ज 100 धरू. पहिल्या वर्षी 50 उचललेस, दुसऱ्या वर्षी 50. शिकताना हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, असं अनेकांना वाटतं. व्याज मात्र रक्कम उचलल्या दिवसापासून चालू होतं. पहिल्या 50 वर तीन वर्षांचं 15, दुसऱ्या 50 वर दोन वर्षांचं 10, तेही सरळव्याजाने. हप्ते सुरू होतील तेव्हा तुझ्या नावावर 125 असतील. ते 10 वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण 1.65, वर्षाला जवळपास 20, एकूण 198. घेतलेस शंभर, फेडलेस दोनशेच्या घरात! "मुदत 15 वर्षं करा, हप्ता हलका होईल," असं टेबलापलीकडचा माणूस सुचवेल (मीही सुचवायचे, कामच होतं ते). हप्ता 1.34 वर येतो खरा, पण एकूण भरणा 242 वर जातो.

आता पगार. हप्ता हातात पडणाऱ्या पगाराच्या 15 टक्क्यांच्या आत असेल तर माणसाची ओढाताण होत नाही, हा माझा अनुभवाचा आकडा. नियम म्हणून कुठे लिहिलेला नाही. वर्षाला 20 फेडायचे तर हातात 132 हवेत, म्हणजे कर्जाच्या सव्वापटीहून थोडे जास्तच. वार्षिक पगार कर्जाच्या निम्मा असेल तर त्यातले 40 टक्के हप्त्यातच जातील. बाबांच्या मॅनेजमेंटलाही हेच गणित लाव. तिथे पगार मोठा दिसतो, पण फीही मोठी असते.

इतिहासवाल्यांचा पहिला पगार बहुधा बेताचा असतो आणि पुढे कोण कुठे जाईल याचा नेम नसतो. म्हणून "सरासरी पगार किती?" हा प्रश्न विचारू नकोस. एकाच्या गलेलठ्ठ पगाराने सरासरी फुगते. अमेरिकेत सरकारच्या 'कॉलेज स्कोअरकार्ड'वर विषयवार मध्यक (म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारी) कमाई आणि कर्ज दोन्ही बघता येतात. अशी सोय नसेल तिथे विभागात फोन करायचा आणि गेल्या तीन बॅचमधली मुलं आज नेमकी कुठे आहेत ते विचारायचं: अभिलेखागार, संग्रहालय, प्रकाशन, अध्यापन, की अजून शोधातच. "आमची मुलं सगळीकडे चमकताहेत" एवढंच उत्तर आलं, तर काय ते समज.

कर्ज कोणत्या जातीचं आहे हेही बघ. ऑस्ट्रेलियात 1989 पासून कमाईशी बांधलेलं शैक्षणिक कर्ज आहे. इंग्लंडमध्ये 2023 च्या ऑगस्टपासून पदवीला बसलेल्यांचा हप्ता ठरावीक मर्यादेवरच्या उत्पन्नाच्या 9 टक्के असतो आणि 40 वर्षांनी उरलेलं कर्ज माफ होतं. तिथे पगार घटला की हप्ताही घटतो. तुझं कर्ज तसलं दिसत नाही. नोकरी असो-नसो, तुझा हप्ता ठरलेला.

माझं मत विचारशील तर विषय बदलू नकोस, रक्कम कमी कर. प्रवेश स्वीकारण्याआधी फी-सवलत आणि विभागातलं अर्धवेळ काम लेखी माग. होकार कळवल्यावर विद्यापीठाला घाई राहत नाही. शिकतानाच व्याज भरत गेलीस तर हप्ता 1.65 ऐवजी 1.32 होतो, एकूण 14-15 वाचतात. पुढे संशोधनच करायचं असेल तर थेट पीएच.डी.चीही चौकशी कर. अमेरिकेतल्या बऱ्याच संशोधन विद्यापीठांत पीएच.डी.ला फी माफ असते, वर विद्यावेतन मिळतं, एम.ए. मात्र बहुतेकांना पदरमोड करूनच करावं लागतं. सवलतीनंतरही कर्ज अपेक्षित पगाराच्या दुप्पट राहत असेल, तर यंदा प्रवेश सोड आणि वर्षभर कमावून पुन्हा अर्ज कर.

आणि बाबा सहकर्जदार म्हणून सही करणार असतील, तर हप्ता चुकल्याची नोंद त्यांच्याही नावावर होते. त्यांना हा कागद सहीच्या आधी दाखव.