एलएमएस घ्यावी की कोर्स मॅनेजमेंट सिस्टीम?

तुम्ही विचारलंय की एलएमएस (लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे शिकणं-शिकवणं सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि कोर्स मॅनेजमेंट सिस्टीम या दोन्हींत धडे चढवता येतात, परीक्षा घेता येते, गुण दिसतात, मग फरक कुठे? नोंद कोणाच्या नावाने ठेवली जाते, तिथे.

कोर्स मॅनेजमेंट सिस्टीममध्ये सगळं कोर्सभोवती फिरतं: एक विषय, एक शिक्षक, एक तुकडी, त्यांच्या असाइनमेंट आणि गुणपत्रक. सत्र संपलं की कोर्स बंद. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात 1990 च्या दशकात तयार झालेली वेबसीटी याच घाटाची होती. एलएमएसमध्ये नोंद माणसाच्या नावाने असते: हा कोणत्या विभागात आहे, त्याने काय पूर्ण केलंय, कुठल्या प्रमाणपत्राची मुदत कधी संपते.

आता जवळजवळ प्रत्येक विक्रेता आपल्या उत्पादनाला एलएमएसच म्हणतो, त्यामुळे पाटीवर जाऊ नका. डेमोमध्ये खोटा वापरकर्ता तयार करायला लावा, त्याला दोन कोर्स पूर्ण करून द्या आणि मग त्याचा विभाग बदला. नव्या विभागाचे कोर्स आपोआप लागले का? प्रमाणपत्राची मुदत संपली की तोच कोर्स परत नेमला जातो का आणि जुनी नोंद शाबूत राहते का? हे हाताने करावं लागत असेल, तर नाव काहीही असो, ती कोर्स सांभाळणारी प्रणाली आहे. उदाहरणार्थ मूडल ही मुक्तस्रोत प्रणाली: मूळ मूडलमध्ये पुनर्प्रमाणीकरणासाठी, म्हणजे मुदत संपलेलं प्रमाणपत्र परत मिळवण्यासाठी, प्लगइन (वरून जोडायचा भाग) टाकावं लागतं. मूडल वर्कप्लेस या कंपन्यांसाठीच्या आवृत्तीत ती सोय अंगभूत आहे.

विषय शिकवायचा, चर्चा घडवायची, निबंध तपासायचे असतील तर कोर्सकेंद्री प्रणालीच चांगली, शिक्षकाचा हात त्यात मोकळा राहतो. सक्तीचं प्रशिक्षण आणि ऑडिट असेल तर मात्र माणसाच्या नावाची नोंद लागतेच.

सगळ्यात जास्त तक्रारी स्कॉर्म पॅकेजच्या येतात, म्हणजे वेगवेगळ्या प्रणालींत चढवता यावेत म्हणून स्कॉर्म या मानकानुसार बांधलेल्या तयार धड्यांच्या. स्कॉर्म 1.2 मध्ये अर्धवट सोडलेल्या धड्याची स्थिती साठवायला फक्त 4096 अक्षरांची जागा असते. लांबलचक, प्रश्नांनी भरलेलं पॅकेज ही मर्यादा ओलांडतं आणि मग शिकणारा परत आला की धडा पहिल्या स्लाइडपासून सुरू होतो. दोष प्रणालीला दिला जातो, पण उपाय पॅकेजमध्ये असतो: ते तोडून लहान करा किंवा स्कॉर्म 2004 च्या तिसऱ्या वा चौथ्या आवृत्तीत निर्यात करा, तिथे मर्यादा 64,000 अक्षरांची आहे. शिवाय 1.2 मध्ये ‘पूर्ण’ आणि ‘उत्तीर्ण’ एकाच रकान्यात येतात. दोन्ही वेगवेगळे हवे असतील तर त्यासाठीही 2004 च घ्या.

मूडल स्वतःच्या सर्व्हरवर चालवणार असाल तर क्रॉन (ठरावीक वेळाने मागची कामं आपोआप उरकणारा प्रोग्राम) दर मिनिटाला चालतोय ना, ते आधी बघा. तो बंद असेल तर कोर्स पूर्ण केल्याची नोंद अडकते, ईमेलही जात नाहीत.

आणि करार करण्याआधी एक कोर्स वापरकर्त्यांच्या गुणांसकट बाहेर काढून दाखवायला सांगा. कॉमन कार्ट्रिज फाइलमध्ये (कोर्स एका प्रणालीतून दुसरीत नेण्याचा ठरलेला साचा) धडे आणि प्रश्न येतात, पण गुण आणि पूर्णतेच्या तारखा येत नाहीत. ही माहिती सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल) वेगळी मिळेल, हे करारात लिहून घ्या.