वाड्याचं छप्पर आणि तुमचं पेन्शन

प्रश्न: वाईच्या पुढे कृष्णेच्या खोऱ्यात आमचा पणजोबांच्या काळचा वाडा आहे. वडील 1998 मध्ये गेले, आई नंतर. वारस तिघं: मी, थोरले भाऊ, बहीण. मी 57 वर्षांचा, डोंबिवलीत राहतो, 3 वर्षांनी निवृत्त होईन. पीएफ, ग्रॅच्युइटी, फंड मिळून 62 लाख होतील, पेन्शन नाही, महिन्याचा खर्च 45 हजार. त्यातले 28 लाख घालून वाडा दुरुस्त करून होमस्टे काढावा, की दीड कोटी देणाऱ्या गिऱ्हाइकाला विकावा?

उत्तर: 28 लाख घालू नका. 62 लाखांवर 7 टक्क्यांनी महिना 36 हजार सुटतात, म्हणजे आत्ताच 9 हजार कमी पडतात. 28 लाख काढले तर हातात जेमतेम 20 हजार. शिवाय पैसा तुमचा एकट्याचा आणि वाडा तिघांचा. सागवानी खांब तुम्ही उभे करणार, आणि उद्या वाटणी मागितली तर? होमस्टेचं म्हणाल, तर पाहुणा पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला जातो. मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यात शूटिंग होतं, म्हणून तुमच्याकडेही होईल हे गणितात धरू नका.

माझा कौल विकण्याकडे आहे, पण या गिऱ्हाइकाला लगेच नाही. आधी सातबारा नाहीतर मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) तिघांची वारसनोंद आहे का पाहा. बहिणीचं नाव लावायचं राहून गेलेलं असतं, आणि तिचा हक्क तुमच्याइतकाच आहे. मग भावाला विचारा, तुमचा हिस्सा घेणार का. घेतला तर वाडा घरातच राहिला.

कराची धास्ती नको. तुमचा हिस्सा 50 लाख. नफा मोजताना खरेदी किंमत म्हणून धरायची 1 एप्रिल 2001 ची किंमत मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून काढून घ्या. ती त्या वेळच्या रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारी दरापेक्षा, जास्त धरता येत नाही. समजा तुमच्या वाट्याला 8 लाख आली. म्हणजे नफा 42 लाख, त्यावर सरळ 12.5 टक्क्यांनी कर सव्वापाच लाख. पण जुलै 2024 आधीची मालमत्ता असल्याने महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा हिशेबही चालतो: 2025-26 च्या निर्देशांकाने 8 चे 30 लाख होतात, कर साधारण 4 लाख. कर वाचवणारे रोखे 5 वर्षं अडकतात, व्याजही कमी. तुमच्या जागी मी कर भरून मोकळा झालो असतो. उरलेल्या 46 लाखांवर महिना 26-27 हजार येतील. 9 हजारांची तूट भरून महागाईलाही काही उरेल.

तोवर फक्त कौलं शाकारून घ्या, पावसाआधी, आणि खर्च तिघांत वाटून. गळका वाडा पडेल भावात मागितला जातो.