चोवीस वर्षांचा मुलगा शिनचॅन बघतो, काय करू?

"मॅडम, एवढा घोडा झाला तरी कार्टून बघतो." हे वाक्य माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आयांकडून इतक्यांदा ऐकलंय की पुढचंही मला पाठ आहे: "आणि तेही धड काही नाही, नुसता फालतूपणा." मुलगा किंवा मुलगी विशीतली असते. नोकरी नाहीतर अभ्यास बऱ्यापैकी चालू असतो. पण रात्री ताटापुढे मोबाइल उभा करून जपानी अ‍ॅनिमे लागलेलं असतं. त्यात रक्तपात असला तर आईबाबांना एक काळजी, आणि ते हसरं, बाळबोध दिसणारं असलं तर दुसरी. अलीकडे ही दुसरी काळजी जास्त येते, म्हणून तिच्याबद्दल लिहिते.

ओंकार (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) डोंबिवलीचा. त्याचे वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला होते. दीड वर्षापूर्वी हार्ट अटॅकने अचानक गेले. त्याला घेऊन आल्या त्या आई आणि थोरली बहीण. तक्रार अशी की बाबा गेल्यापासून तो एकदाही रडला नाही. दिवसकार्य त्याने केलं, पीएफच्या आणि बँकेच्या खेपा त्यानेच घातल्या. आणि रात्री दार लोटून शिनचॅन. आतून हसण्याचा आवाज.

"बाप गेलाय आणि हा खिदळतो," आई म्हणाली. रागापेक्षा त्यात लाज अधिक होती. भिंतीपलीकडे शेजारी ऐकतात ना.

गंमत म्हणजे ताईसुद्धा अ‍ॅनिमे बघणारी. त्यामुळे पहिल्याच भेटीत माझ्यासमोर वादसभा भरली.

"बघायचंच तर अटॅक ऑन टायटन बघ. त्यात युद्ध आहे, मरण आहे, माणूस विचारात पडतो. शिनचॅनमध्ये काय आहे? ढुंगण हलवत नाचणारं पाच वर्षांचं कार्टं."

"तुझ्यात सगळे सारखे ओरडतात. ओरडलं की खोल होतं का?"

"निदान खरं तरी वाटतं."

"राक्षस माणसं खातात, ते खरं?"

मला हसू आलं. आईला ते रुचलं नाही. पण त्या दोघांचं भांडण कार्टूनवरून नव्हतं, हे मला लगेच कळलं. ताई विचारत होती, तुला बाबांचं काही वाटतं का? आणि ओंकारला ते सरळ विचारलेलं हवं होतं.

अमुक झालंच पाहिजे या हट्टातून माणूस स्वतःला त्रास करून घेतो, असं सांगणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारावर मी वाढलेली आहे, त्यामुळे माझे कान आधी माणसाच्या 'पाहिजे'कडे जातात. आईचा 'पाहिजे' होता, दुःख झालेल्याने रडलंच पाहिजे. ताईचा, दुःखात माणसाने गंभीरच काही बघितलं पाहिजे. ओंकारचा बराच उशिरा सापडला: आता घर मी सांभाळलंच पाहिजे, म्हणजे मी मोडून चालणार नाही. हे तीन 'पाहिजे' एका दोन खोल्यांच्या घरात दीड वर्ष एकमेकांवर आपटत होते.

नंतर ओंकार एकटाच येऊ लागला. बोलायचा, पण फॉर्म भरल्यासारखं. मग मी माझा आवडता प्रश्न विचारला. किती वेळ बघतोस, का बघतोस, हे प्रश्न मी सहसा विचारतच नाही. त्यांना मुलं तयार उत्तरं घेऊनच आलेली असतात.

"असा एखादा प्रसंग आहे, जो तू पुन्हा पुन्हा लावतोस?"

तो थांबला. मग म्हणाला, "सिरियलमधला नाही. एका पिक्चरमधला. बुटाचा."

2001 सालचा हा शिनचॅनचा चित्रपट केइइची हारा यांनी दिग्दर्शित केलाय. भूतकाळाच्या ओढीने वेडी झालेली एक टोळी जुन्या काळाचा वास सोडून मोठ्या माणसांना लहान करून टाकते. आईबाप पोरांना विसरतात. शिनचॅनचा बाप, आपल्या हिंदी डबिंगमधला हॅरी आणि मूळ जपानीतला हिरोशी, 1970 च्या ओसाका प्रदर्शनात हट्ट धरून बसलेला पोरगा होतो. त्याला भानावर आणायला शिनचॅन त्याच्याच बुटाचा वास त्याच्या नाकाशी धरतो. त्या वासाबरोबर सगळं परत येतं: वडिलांच्या सायकलवर मागे बसणं, पहिला प्रेमभंग, नोकरी, लग्न, मुलं, उशिरा घरी परतणं. या प्रसंगात जवळजवळ बोलणं नाही. शेवटी पोरगं विचारतं, मला ओळखलंस का, आणि बाप त्याला कवटाळून रडतो.

"आणि मॅडम," ओंकार म्हणाला, "हॅरीच्या पायांचा वास हा मालिकेतला जुना जोक आहे. कितीतरी भागांत येतो. सगळे नाक धरतात."

"घरी कोण नाक धरायचं?"

हे मी अंदाजाने विचारलं. बारीकशा विनोदाबद्दल माणूस इतकं समजावून सांगू लागला, की तो विनोद त्याच्या घरातला असतो, असा माझा अनुभव आहे.

"बाबा शिफ्टवरून आले की दारात सेफ्टी शूज काढायचे. मी शिनचॅनसारखा नाक धरून फरशीवर आडवा पडायचो. बाबा मुद्दाम मोजा घेऊन मागे लागायचे."

"रोज?"

"दहावीपर्यंत. कॉलेजला गेल्यावर मीच बंद केलं. एकदा मित्र आले होते, बाबांनी मोजा काढला. मी म्हटलं, पुरे ना बाबा. त्यानंतर त्यांनी कधीच केलं नाही."

दीड वर्षाचा दगड तिथे होता. मी त्यावर काही बोलले नाही. एवढंच विचारलं, की हे आईसमोर सांगशील का.

पुढच्या भेटीला तिघं आली. ओंकारने खाली बघत सगळं सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अरे, त्या रात्री ते हसत होते. मला म्हणाले, पोरगं मोठं झालं, आता मित्रांपुढे बाप लाजवतो त्याला. मी पण माझ्या बापाला असंच म्हटलं होतं, म्हणाले."

ओंकार रडला तो तेव्हा. ताई उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली. रडणं थांबल्यावर आई म्हणाली, "मला दाखव तो पिक्चर." मी या कामात बरीच वर्षं आहे, पण त्या वाक्याची सर माझ्या कुठल्याच वाक्याला आलेली नाही.

ओंकारमुळे मला एक गोष्ट लख्ख कळली. त्या चित्रपटातला बूट रडवतो, कारण आधी कितीतरी भाग त्याने फक्त हसवलेलं असतं. तोच बूट पहिल्यांदा बघणाऱ्याला तो प्रसंग चांगला वाटेल, पण पोटात तुटणार नाही. घरातली माया अशीच साठते, वासाच्या चेष्टेत, रोजच्या त्याच त्या विनोदात. म्हणून हसऱ्या गोष्टीत खोल भावना असू शकते का, या वादात मी ओंकारच्या बाजूची. गंभीर चेहऱ्याच्या गोष्टी चांगल्या असतात, पण काळोख दाखवला म्हणजे खोली आली, असं होत नाही.

शोकातल्या हसण्याचंही तसंच. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या मानसशास्त्रज्ञांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जोडीदार जाऊन सहाएक महिने झालेल्या माणसांशी गेलेल्या व्यक्तीबद्दल बोलणं केलं होतं. बोलताना जे मनापासून हसले, त्यांच्यात राग आणि त्रास कमी आढळला. दाराआडचं हसू ऐकून लगेच 'निगरगट्ट' म्हणू नका.

मग काळजी कधी करायची? झोप उडाली, जेवण सुटलं, कामावर दांड्या पडू लागल्या, मित्र तुटले, किंवा 'जगण्यात काही राम नाही' अशी भाषा आली, तर करायची, आणि थांबायचं नाही. मग पडद्यावर काय चाललंय याने काही फरक पडत नाही. जगणं नकोसं झाल्याचं बोलणं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हे काही नसेल, तर मोबाइल हिसकावू नका. त्याच्या शेजारी बसून एक भाग बघा, आणि मध्ये मध्ये 'यात काय आहे एवढं' म्हणू नका. 2008 मध्ये आपल्याकडे शिनचॅन काही काळ बंद करण्यात आलं होतं, मुलं उद्धट होतात म्हणून. ती मुलं आज विशीत आहेत. त्यांच्या लहानपणाचा मोठा तुकडा त्या मालिकेत आहे, आणि त्या तुकड्यात बऱ्याचदा तुम्हीही असता.

ताईचं मत मात्र बदललेलं नाही. एका चित्रपटावरून सगळा शिनचॅन खोल ठरत नाही, असं ती शेवटच्या भेटीतही ठासून म्हणाली. बरोबर आहे तिचं. बहुतेक भागांत नुसता दंगा असतो, आणि थकून आलेल्या माणसाला कधीकधी तेवढाच हवा असतो.