द्राक्षबागेत बुरशीसाठी फवारायच्या बोर्डो मिश्रणाचं विचारलं की जुने बागायतदार ‘तेच तेच किती वेळा सांगायचं’ म्हणतात. पहिल्यांदाच बाग बघणाऱ्याने विचारायचं कुणाला?

जो भेटेल त्याला विचारा. पण ‘तेच तेच’ म्हणणाऱ्याकडून बोर्डोचं प्रमाण घेऊ नका. त्याच्या डोक्यात प्रमाण एकच असतं, आणि बागा त्यानेच जळतात.

एक टक्क्याचं प्रमाण सगळ्यांना पाठ असतं. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. पाठ नसतं ते हे, की चुना दर वेळी वेगळा असतो. भट्टीवरून आलेला ताजा खडा आणि गोणीत हवा लागून भुकटी झालेला चुना वजनाला सारखे भरतात, पण भुकटीत दम राहिलेला नसतो. चुना कमी पडला की मिश्रण आम्लधर्मी राहतं, मोकळं तांबं पानावर उतरतं आणि कोवळी फूट करपते. म्हणजे प्रश्न दर हंगामाला तोच असला तरी उत्तर दर गोणीला बदलतं.

आमच्या भागात, निफाड तालुक्यात, एका पोराच्या बागेत हेच झालं. वडील अंथरुणाला खिळले म्हणून कंपनीतली नोकरी सोडून तो गावी आला होता. फळछाटणीनंतरच्या बैठकीत त्याने सरळ विचारलं, “काका, बोर्डो कसं करायचं?” तिथल्या एका जुन्या बागायतदाराने सगळ्यांसमोर सुनावलं, “अरे, दर वर्षी तेच. मागच्या वेळी सांगितलं तेव्हा कुठे होतास?” माणसं हसली. पोरगं खाली बसलं आणि पुन्हा तोंड उघडलं नाही. घरी जाऊन त्याने वडिलांची वही काढली. वहीत एक टक्का लिहिलेला होता, तो पावसाळ्यातल्या, जून झालेल्या पानांसाठी. याने तो पाच-सहा पानांच्या फुटीवर मारला, आणि तोही शेडमध्ये पडलेल्या जुन्या गोणीतला चुना वापरून.

मला बोलावलं तेव्हा पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळल्या होत्या, काही शेंडे काळे पडले होते. ड्रमच्या तळाशी थोडं मिश्रण उरलं होतं. मी खुरपं घासून त्यात बुडवलं. बाहेर काढलं तर पात्यावर तांब्याचा लालसर थर. पोरगं त्या पात्याकडे बघतच राहिलं. ही परीक्षा त्याला बैठकीत सांगायला दोन मिनिटं लागली नसती.

पुढच्या बैठकीत त्याच गृहस्थांनी मान हलवून म्हटलं, “विचारायला पाहिजे होतं त्याने.” मी तिथेच बोललो, की त्याने विचारलं होतं, तुमच्याच तोंडावर. तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. ते म्हणतात, “आम्हाला कुणी शिकवलं? ठेचा खाऊनच शिकलो.” मला हे पटत नाही आणि पटणारही नाही. ठेच खाल्ली म्हणून दुसऱ्याच्या वाटेतला दगड तसाच ठेवायचा, हा कुठला अनुभव? शिवाय हे खरंही नाही. त्यांनाही कुणीतरी मोरचूद भिजवायला शिकवलंच होतं.

हे मिश्रण मुळात विचारण्यातूनच आलंय. फ्रान्समध्ये बोर्दोच्या परिसरात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे, येणाऱ्याजाणाऱ्याने द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. डाऊनी म्हणजे केवडा रोगाने बाकीची बाग झडली आणि तेवढ्या वेली हिरव्या राहिल्या. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने हे बघितलं, वेलींवर काय टाकलंय याची चौकशी केली, प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते जगापुढे मांडलं. त्याला कुणी ‘रोजचंच आहे, काय विचारता’ म्हणून वाटेला लावलं असतं तर?

आता तुमचं. मोरचूद प्लास्टिकच्या ड्रममध्ये, चुना दुसऱ्यात. लोखंडी भांडं नको. मोरचूद पूर्ण विरघळू द्या, चुना पूर्ण विझू द्या आणि गाळून घ्या. मोरचुदाचं द्रावण चुन्यात हळूहळू ओता, उलट नाही, आणि ढवळणं थांबवू नका. रंग आभाळासारखा निळा यायला हवा. मग घासलेलं खुरपं बुडवून बघा. लाली दिसली तर चुन्याचं द्रावण वाढवा, पुन्हा बघा. सामू (pH) मोजायची पट्टी मिळाली तर उत्तमच. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा.

किती टक्के मारायचं ते मी इथून सांगणार नाही. छाटणी कधीची, फूट किती पानांवर, पाऊस पडून किती तास झाले, चुना कधी आणलेला, एवढं लिहा, मग सांगतो. जुन्या माणसाला विचारतानाही हे चार तपशील आधीच द्या. नुसतं ‘बोर्डो कसं करू’ विचारलं की तोही वैतागतो, आणि तेवढ्यापुरतं त्याचं बरोबर आहे.

आणखी एक, हे वर लिहायला हवं होतं: बोर्डोत दुसरं कुठलंही औषध मिसळू नका. मणी धरल्यावर ते मारू नका, डाग पडतात. माल निर्यातीचा असेल तर तांब्याच्या उर्वरित अंशाचा प्रश्न येतो, तेव्हा पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला बघूनच पुढे जा.

आणि त्या बैठकीसारखं कुणी हसलं तर खाली बसू नका. तिथेच पुन्हा विचारा.