चवथ ते चवथ म्हणजे दोन वर्षं नव्हेत

डिचोलीच्या एका वाचकांचं पत्र ऑगस्टमध्ये हाती आलं. २०२३च्या दिवाळीत त्यांनी पणजीच्या दुकानातून ५८,००० रुपयांचं एस्प्रेसो मशीन घेतलं, वॉरंटी एक वर्षाची. २०२४च्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घर पाहुण्यांनी भरलेलं आणि मशीन तापेना. पंप चालतो, पाणी येतं, पण कोमट, वाफ नाहीच. दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला, 'पार्ट मागवतो' म्हणून गेला. जानेवारी २०२५मध्ये कंपनीचा ईमेल आला की आत क्षार साचले आहेत, हे वॉरंटीत बसत नाही. पुढचं दीड वर्ष फोनाफोनीत गेलं. आता ते विचारतात, दोष पाणी तापवणाऱ्या कॉइलचा की तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटचा? आणि यंदाची चवथ आटोपून ग्राहक आयोगात गेलो तर चालेल ना, "तेव्हा कुठे दोन वर्षं होतील"?

नाही चालणार. पत्रातलं बाकी सगळं मी बाजूला ठेवते आणि आधी एवढंच सांगते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. कायद्यात 'वर्ष' म्हणजे इंग्रजी कॅलेंडरचं वर्ष. कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ ठरवणाऱ्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. चवथ तिथीने येते. मशीन बिघडलं ती २०२४ची चवथ ७ सप्टेंबरला होती, यंदाची १४ सप्टेंबरला आहे. तुमची दोन वर्षं सोमवारी, ७ सप्टेंबर २०२६ला संपतात. तुम्ही गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणत असाल तेव्हाच मुदत निघून गेलेली असेल.

"पण कंपनीने नकार जानेवारी २०२५मध्ये दिला, तिथून मोजा," असं तुम्ही म्हणाल. हा मुद्दा मांडता येतो, आणि मी तो तक्रारीत दुसरी बाजू म्हणून नक्की मांडेन. पण आयोग तो मान्य करील याची हमी मी देणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये म्हटलं आहे की समोरच्याने हरकत घेतली नाही तरी मुदतीचा प्रश्न आयोगाने स्वतःहून तपासायचा असतो. फोन, स्मरणपत्रं, व्हॉट्सॲपवरचे 'प्लीज अपडेट' यांनी मुदत वाढत नाही. उशीर माफ करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण त्यासाठी सबळ कारण लागतं, आणि 'ते पार्ट मागवतो म्हणाले म्हणून थांबलो' हे सबळ कारण म्हणून टिकेल यावर मी विसंबणार नाही. फ्रिज, इन्व्हर्टर, गीझर घेऊन माझ्याकडे येणारे कितीतरी लोक याच एका वाक्यावर अडतात, आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण त्यांची बाजू खरी असते.

आता कॉइल की थर्मोस्टॅट. पंप चालतो आणि पाणी तापत नाही, म्हणजे वीज मशीनपर्यंत येते आहे, पण कॉइलपर्यंत पोचत नाही किंवा कॉइलच गेली आहे. जास्त तापल्यावर वीज तोडणारा थर्मल फ्यूज उडालेला असू शकतो, थर्मोस्टॅट किंवा तापमानाचा सेन्सर बिघडलेला असू शकतो. २३० व्होल्टवर १,४०० वॉटच्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ३८ ओहम यायला हवा. मल्टिमीटरवर काहीच वाचन आलं नाही तर कॉइल तुटलेली. हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने ते महत्त्वाचं आहे. कॉइल किंवा थर्मोस्टॅट दहा महिन्यांत गेला तर तो उत्पादनातला दोष म्हणता येतो. खरंच क्षारांचा थर बसून कॉइल जास्त तापली आणि फ्यूज उडाला, तर कंपनी 'देखभाल केली नाही' म्हणून तुमच्याकडे बोट दाखवील. तुम्ही डिस्केलिंग, म्हणजे आतले क्षार काढणं, किती वेळा केलं, पाणी नळाचं की विहिरीचं, हे पत्रात नाही. तक्रारीत ते खरं खरं लिहा.

पण हे मीटर तुम्ही लावू नका. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने यंदा मे महिन्यात मशीन उघडून पाहिलं, हे वाचून मला खरोखर राग आला. आयोग कलम ३८ खाली वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो; आता कंपनी म्हणणार की बाहेरच्या माणसाने आत हात घातला. मशीन आहे तसं खोक्यात बंद करा. त्या इलेक्ट्रिशियनकडून त्याने काय उघडलं, काय पाहिलं, काहीही बदललं नाही, हे सहीनिशी लिहून घ्या.

वर्षातून काही आठवडे दोन खोल्या पर्यटकांना देता, असंही तुम्ही लिहिलं आहे. मशीन त्यांच्यासाठी घेतलं असं निघालं तर 'व्यावसायिक वापर' हा वाद उभा राहील. मुख्य हेतू घरच्या वापराचा होता, तर तुमची बाजू बरी आहे. त्यापलीकडे आज सांगणं कठीण.

आधी वकिलाची नोटीस पाठवून पंधरा दिवस थांबू नका. कायद्याने नोटीस सक्तीची नाही. कंपनी बंगळुरूची असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे पर्वरीच्या उत्तर गोवा जिल्हा आयोगात, तक्रार करता येते. ग्राहक तक्रारींच्या सरकारी ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा. व्हॉट्सॲप आणि ईमेलच्या प्रतींसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडा.

निकाल कधी लागेल? कायद्यात तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिलं आहे. तारखांवर तारखा पडताना मी पाहते आणि अशिलांना काय सांगावं कळत नाही. तुम्ही वर्ष-दोन वर्षांची तयारी ठेवा. एक गोष्ट मात्र कडक आहे: कंपनीला उत्तरासाठी ३० अधिक १५ असे ४५ दिवसच मिळतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२०मध्ये ठरवून दिलं आहे.

बिल सापडत नाही म्हणता. उद्याच पणजीला जाऊन दुकानदाराकडून जीएसटी बिलाची प्रत काढून आणा, आणि कंपनीच्या माणसाच्या सप्टेंबर २०२४च्या भेटीची जॉबशीट, म्हणजे त्याने केलेली तपासणीची नोंद, हीही मागा. त्या जॉबशीटवर क्षारांचा उल्लेख नसेल, तर जानेवारीत ते क्षार कुठून आले, हा प्रश्न कंपनीला आयोगासमोर विचारता येईल. कागद ऑगस्ट संपायच्या आत माझ्याकडे पोचवा.