उष्णता, गरमी आणि पिवळं पाकीट

आमच्या जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्यामुळे बाईच्या अंगावरून पांढरं जायला लागलं की कारण तयारच असतं: उष्णता. मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, तांदळाचं धुवण. त्यात महिना जातो, कधी सहा महिने. पुढे ओटीपोटात दुखतं, कंबर धरते, तेही अंगावर काढलं जातं. शेवटी दवाखान्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीचं दार लोटलं गेलं की बाई खालच्या आवाजात विचारते, "ताई, ही उष्णताच आहे ना? गरमी तर नाही?"

गरमी म्हणजे उन्हाळाही आणि गुप्तरोगही. त्या एका शब्दात तिला दोन गोष्टी विचारायच्या असतात. मला लोक वाईट चालीची म्हणतील का, आणि मला मूल होईल का? इतक्या वर्षांत हे प्रश्न इतक्या जणींनी विचारलेत की आता एकदा सगळं लिहूनच काढते.

सरलाचं (नाव बदललं आहे, तपशीलही थोडे इकडचे तिकडे केले आहेत) वय एकोणतीस, गाव चोपडा तालुक्यातलं. घरची दोन एकर केळी, नवरा केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर, चोपड्याहून दिल्लीच्या फेऱ्या. मुलगी सहा वर्षांची. पहिल्या दिवशी बोलल्या त्या फक्त सासूबाई. "दुसरं राहत नाही हो मॅडम, नातू पाहिजे." सरला पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती.

आतल्या खोलीत डॉक्टरांनी तपासलं तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाला नुसता हात लागला तरी ती कळवळली. ओटीपोटाचा संसर्ग. सरकारी दवाखान्यात यासाठी पिवळं पाकीट मिळतं, फुकट, चौदा दिवसांच्या गोळ्यांचं. नवऱ्याला तक्रार नसली तरी त्यालाही औषध घ्यावं लागतं, त्याचं पाकीट राखाडी. गाडी अडते ती या राखाडी पाकिटाशी, आणि मग केस माझ्याकडे येते.

मी कागदावर चित्र काढून दाखवते. उलट्या ठेवलेल्या छोट्या दुधी भोपळ्यासारखी पिशवी, दोन्ही बाजूंना नळ्या, टोकाला बीजकोष. खालच्या वाटेत जंतू असतातच, पण पिशवीचं तोंड राखण करतं. बाळंतपणात, गर्भपातात ते उघडतं. कधी जोडीदाराकडून आलेले जंतू, क्लॅमिडिया किंवा परमा (गोनोरिया), ती राखण मोडून वर चढतात. क्लॅमिडिया तर असा चोर की बहुतेक बायकांना त्याचा पत्ताच लागत नाही. नळीची आतली वाट काही ठिकाणी जाडसर दोऱ्याएवढी. तिथे सूज आली, भिंती चिकटल्या, की बीज अडकतं. गर्भ नळीतच राहिला तर जिवावर बेततं. म्हणून पाळी चुकली आहे आणि पोटात एका बाजूला तीव्र कळ आहे, असं झालं तर घरगुती काढा बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी.

तिसऱ्या दिवशी सरला एकटी आली. औषध लागू पडतंय का ते पाहायला तीन दिवसांनी बोलावतातच. दुखणं निम्मं झालं होतं. पाकीट मात्र तिने ज्वारीच्या कोठीत लपवलं होतं.

"नवऱ्याला सांगितलंस?"

"कसं सांगू? ते म्हणतील, तुले कोठून लागनं?"

इथे माझी चूक कबूल करते. ट्रक ड्रायव्हर हा शब्द ऐकला तेव्हाच मी मनात सगळी केस लिहून टाकली होती. मी म्हणाले, "ते महिन्यातून पंधरा दिवस बाहेर असतात ना गं?"

तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "ताई, तुम्हीबी तेच?"

मग ती बोलायला लागली. दोन वर्षांपूर्वी दिवस गेले होते, ते तिसऱ्या महिन्यात पडलं. एका ठिकाणी पिशवी साफ करून घेतली. घरी आल्यावर आठ दिवस ताप, घाण वास. सासूने शेक दिला, काढा दिला. ताप उतरला, दुखणं राहिलं. कोणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. संसर्ग तिथून आला असेल, नवऱ्याकडून आला असेल, आणखी कशातून असेल. आज कोणतीही तपासणी ते ठामपणे सांगू शकत नाही, आणि उपचार सगळ्यांत तोच.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत शिकलेली. घडलेली गोष्ट एका बाजूला, तिच्यावर आपण चढवलेला अर्थ दुसऱ्या बाजूला, हे मी रोज लोकांना वेगळं करून दाखवते. सहकारी चेष्टा करतात की मी घरी वरण आणि फोडणीही वेगवेगळी वाढत असेन. आणि इथे मीच दोन्ही कालवून बसले होते. गावाला, सासूला, सरलाला पडलेला प्रश्न माझ्याही डोक्यात होता: दोष कोणाचा?

मी कागद उलटा केला. "तुमच्या केळीवर करपा येतो ना?"

"येतो की. मागच्या पावसाळ्यात आला होता."

"मग आधी काय करता? कोणत्या झाडाने आणला ते शोधता?"

ती हसली. "झाड कशाला शोधायचं? सगळ्या बागेवर फवारणी करायची." बोलता बोलता थांबली. बाहेर कोणाचं तरी मूल रडत होतं, शिपायाने दोनदा आत डोकावून पाहिलं. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला फार वर्षांनी जमायला लागलंय. मग ती स्वतःशीच म्हणाली, "दोन्ही झाडांवर मारनी पडस. एकावर मारीसन काय फायदा?"

पुढच्या मंगळवारी एक उंच, उन्हाने रापलेला माणूस दारात उभा. "मॅडम, करप्याची फवारणी घ्यायला आलोय." मी त्याला त्याच्या दिल्लीच्या फेऱ्यांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. दोघांची औषधं संपेपर्यंत संबंध नाहीत, पुढे काही दिवस निरोध, एवढंच सांगितलं. "बस, एवढंच?" म्हणाला. त्याचीही झोप उडालेली होती हे तेव्हा कळलं.

बाकीच्या बायकांसाठी थोडं. चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटतं, तोंडाला कडू चव येते, मळमळतं, आणि गोळ्या बंद होतात. चौदा म्हणजे चौदाच दिवस. गोळी भरपूर पाण्यासोबत घ्या, घेऊन लगेच आडव्या होऊ नका. दिवस गेले असतील, तसा नुसता संशय असेल, तरी आधी सांगा, काही औषधं तेव्हा चालत नाहीत. ताप चढला, उलट्या थांबेनात, तर दाखल व्हावं लागतं. आतून जंतुनाशकाने धुणं बंद, त्याने जंतू वर ढकलले जातात. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे रोग नाही, असंही नाही. आणि पोट दुखतं म्हणून पस्तिशीत पिशवी काढून टाकायला निघालेल्या माझ्या बहिणींनो, आधी हा चौदा दिवसांचा उपचार झालाय का, ते विचारा. दुसऱ्या डॉक्टरचं मतही घ्या.

१९८९ साली डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आमच्याकडे बोळवण करायला 'उष्णता' हा शब्द आहे, त्यांच्याकडे दुसरा असेल.

मूल न होण्याच्या भीतीबद्दलही एक आकडा मी सांगते. स्वीडनमध्ये डॉ. वेस्ट्रॉम यांनी अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. संसर्ग एकदा झालेल्या शंभरातल्या आठ जणींच्या नळ्या निकामी होऊन मूल राहण्यात अडचण आली. दोनदा झाला तर साधारण वीस, तीनदा किंवा जास्त वेळा झाला तर चाळीस. म्हणजे पहिल्याच वेळी औषध घेतलं तर बाजी बरीचशी आपल्या हातात. पण खोटा दिलासा मी देत नाही. गोळ्यांनी जंतू मरतात, आधी चिकटलेल्या भिंती मात्र सुटत नाहीत.

सरलालाही तेच सांगितलं होतं. दुखणं पूर्ण थांबल्यावर, तीन-चार महिन्यांनी, डॉक्टरांनी नळ्यांची एक्स-रे तपासणी करवली. डावी बंद, उजवी उघडी. रिपोर्ट घेऊन ती माझ्याकडे आली, नवरा बाहेर मुलीला रसवंतीवर घेऊन गेला होता. मी शब्द जुळवत होते.

"एक तं उघडी शे ना, ताई," ती म्हणाली. पुढची तारीख मात्र आखाजीनंतरची (अक्षय्य तृतीयेनंतरची) द्या म्हणाली, माहेरी लिंबाला झोका बांधायचा होता.